कागद वाचवा, पुस्तक वाचा

गेल्या वर्षी ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाच्या दिवशी, आमच्या कार्यालयात एक परिपत्रक आले. विषय होता, ‘कागदाचा काटकसरीने वापर करणेबाबत’. त्याच्या तीन प्रती होत्या. एक आवक शाखेला, एक आमच्या शाखेला आणि एक फाईलला. शिवाय प्रत्येकाने ते वाचल्याची सही करायची म्हणून आणखी एक कागद. शिपाईमामा तो घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते आणि जो तो हसून सही करत होता. मीही केली. नोकरी आहे.

त्याच संध्याकाळी घरी आले, तर माझी नववीला गेलेली मुलगी म्हणाली, “आई, आज झाडं लावायच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणाले, पुस्तकं विकत घेऊ नका, सगळं मोबाईलवर वाचा, म्हणजे झाडं वाचतील.”

मी स्वयंपाकाला लागले, पण मन त्या वाक्यापाशीच अडकून राहिले. कागदासाठी झाडे तोडली जातात हे खरे. पण ज्या घरात पुस्तक येऊन अजून धड दोन पिढ्या झाल्या नाहीत, त्या घराला ‘आता पुस्तक नको’ हा उपदेश कसा पचायचा? पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला लंघनाचे फायदे सांगावेत, तसे मला वाटले. तथापि पाहुण्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखेही नव्हते. झाड, पाणी, हवा ही आपलीही आहेत. उन्हाळ्यात टँकर आधी बंगल्यांकडे वळतो आणि मग आपल्या वस्तीत येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून या प्रश्नावर जो काही विचार केला, तो वाचकांपुढे ठेवते आहे.

माझे माहेर सांगलीचे. वडील मार्केट यार्डात हमाल होते, हळदीची पोती उचलायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला, सदऱ्याला हळदीचा वास असायचा आणि बोटे पिवळी असायची. चौथी शिकलेले, पण वाचायचे वेड भारी. घरात पुस्तक नव्हते, तेव्हा ते किराण्याच्या पुडीचा कागद वाचत. आई पुडी सोडली की दोरा गुंडाळून ठेवायची आणि कागद हाताने सरळ करून गादीखाली घालायची. रात्री जेवण झाले की दादा ते कागद काढायचे आणि आम्हा भावंडांना मोठ्याने वाचून दाखवायचे. कधी वर्तमानपत्राचा अर्धा अग्रलेख, कधी मासिकातली कथा, कधी कुणाच्या तरी वहीतले भूगोलाचे उत्तर. एका गोष्टीत विहिरीत पडलेल्या मुलाला काढायला माणसे दोर टाकतात इथपर्यंत आम्ही आलो होतो. पुढे काय झाले ते आजवर कळलेले नाही, कारण पुढचे पान दुसऱ्या कोणाच्या तरी तूरडाळीला गेले होते.

पुढे फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याविषयी वाचले, तेव्हा दादांची फार आठवण झाली. बेबीताईंचे किराण्याचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रे त्या गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचत. मग गावच्या वाचनालयाच्या सभासद झाल्या. घरच्यांच्या नजरेआड लिहू लागल्या आणि लिहिलेले कित्येक वर्षे लपवून ठेवले. त्यातूनच १९८६ मध्ये ‘जिणं आमचं’ हे पुस्तक आले. २०१२ मध्ये त्या गेल्या. एका रद्दीच्या कागदाचा याहून चांगला पुनर्वापर मला तरी ठाऊक नाही. पर्यावरण हा शब्द त्या वेळी आपल्याकडे कोणी उच्चारतही नव्हते.

सांगायचा मुद्दा असा की, आपल्या लोकांनी कागद कधी उधळला नाही. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला, धाकट्याचे शेजारच्या मुलाला, ही आपली रीत. मी दहावीपर्यंत एकही कोरे पाठ्यपुस्तक वापरले नाही. मे महिन्यात अर्ध्या किमतीला जुना संच घ्यायचा, खाकी कागदाचे कव्हर घालायचे, पेनने लिहायचे नाही, आणि पुढच्या मे महिन्यात तोच संच चारआठ आणे कमी करून पुढे द्यायचा. म्हणूनच २०२३ मध्ये शाळेच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्याचा निर्णय झाला, तेव्हा मला तो पटला नव्हता. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू चांगला होता. पण ज्या पुस्तकात एका मुलाने लिहून ठेवले, ते दुसऱ्याच्या काय कामाचे? २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला, ते बरे झाले.

आता थोडा हिशेब. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे ही खोड जात नाही. तीनशे पानांचे साधे पुस्तक ढोबळमानाने ३०० ग्रॅम भरते. ते एकाने वाचले आणि काचेच्या कपाटात ठेवले, तर ३०० ग्रॅम कागद एका माणसाच्या नावावर पडला. तेच वीस जणांनी वाचले, तर माणशी १५ ग्रॅम. कार्यालयात आपण वापरतो तो ए-फोर कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो. म्हणजे एका माणसाचे एक अख्खे पुस्तक वाचून होते, तेवढ्या कागदात आमच्या त्या परिपत्रकाच्या तीन प्रती निघतात. पैशाचेही तसेच. २०० रुपयांचे पुस्तक वीस जणांना दहा-दहा रुपयांत पडते. कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. खुर्ची, टेबल, यंत्र, जे वापराल त्याची किंमत दरसाल कमी होते. पुस्तकाचे मात्र उलटे आहे. जितके वापराल तितके ते स्वस्त पडते, आणि न वापरता ठेवले तर वाळवी त्याचा सगळा घसारा एकदम लावून टाकते.

कागद कशाचा होतो हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे तो निलगिरी, सुबाभूळ, बांबू यांच्या लगद्यापासून होतो, तसाच रद्दीपासून होतो आणि उसाच्या चोथ्यापासूनही होतो. सातारा-सांगलीच्या लोकांना ऊस काय आणि त्याची चिपाडे काय, नवी नाहीत. रद्दीचा लगदा करून पुन्हा कागद करता येतो, पण दर वेळी त्यातले धागे आखूड होत जातात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद कागद म्हणून टिकत नाही. शिवाय लगदा करायला पाणी लागते, वीज लागते. म्हणजे पुस्तक रद्दीत घालून त्याचा पुन्हा कागद करणे चांगले, पण त्यापेक्षा ते पुस्तक पुस्तक म्हणूनच आणखी वीस वर्षे वाचले जाणे कितीतरी चांगले.

बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाच्या गोष्टी आपण दर जयंतीला ऐकतो. राजगृह ग्रंथांसाठी बांधले, हे लहान मूलही सांगेल. पण एक गोष्ट भाषणांत फारशी येत नाही. न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, ते जुने ग्रंथ होते. दुसऱ्याने वाचून विकलेले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात ही नोंद आहे. पोटाला चिमटा काढून घेतलेली ही जुनी पुस्तके. पुढे १९१७ मध्ये ते परत येताना ज्या बोटीवर त्यांचे सामान चढवले होते ती पाणतीराने बुडाली आणि त्या सामानातले ग्रंथ समुद्रात गेले. विद्यार्थिदशेत जुने पुस्तक हाती घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र आता वाटू लागला आहे. नोकरी लागलेला मुलगा बुटांना तीन हजार देतो आणि जुन्या बाजारातले पुस्तक ‘कुणाचे तरी वापरलेले’ म्हणून हातात धरत नाही. असो.

याच संदर्भात एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड काढत आले आहे. २०२१ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून एक प्रकरण दाखल करून घेतले. या खंडांच्या ९ लाख प्रती छापायच्या म्हणून ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला होता, पण चार वर्षांत छापून झाल्या फक्त ३३ हजार प्रती आणि कागद गोदामात पडून होता, अशी बातमी आली होती, तिची ती दखल होती. इकडे आमच्या वस्तीतली मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी एकेक खंड आळीपाळीने वापरत होती. कागद वाचवा म्हणणाऱ्यांनी हाही कागद मोजावा. छापलेला कागद वाया जात नाही, गोदामातला जातो.

मोबाईलवर वाचण्याच्या मी विरोधात नाही. वाईला ज्याचे काम चालते तो मराठी विश्वकोश आज मोबाईलवर फुकट वाचता येतो. एवढे मोठे खंड घरात ठेवायला जागा तरी कुठे होती? शब्द अडला, माहिती हवी झाली, की मी तोच उघडते. फोन घरात आहेच, त्यावर वाचले तर वेगळा खर्च नाही. पण वर्षाला तीन पुस्तके वाचणाऱ्याने वाचनासाठी म्हणून वेगळे यंत्र घेतले, तर त्यातून पर्यावरणाचे काही भले होणार नाही. यंत्र करायलाही खाणी खणाव्या लागतात, आणि बिघडल्यावर त्याचा कचरा कुठे जातो व तो कोण हाताळतो, हे आपल्या समाजाला चांगले माहीत आहे. आणि खरे सांगायचे तर माझ्या मुलीने मोबाईलवर कादंबरीची दहा पाने वाचलेली मी अजून पाहिलेली नाहीत. अकराव्या पानाच्या आत काहीतरी टिंग वाजतेच.

आता भिलारविषयी. महाबळेश्वर तालुक्यातले, पाचगणीजवळचे हे स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतात हे-ऑन-वाय नावाचे गाव आहे, तिथे जुन्या पुस्तकांची दुकानेच दुकाने आहेत. त्यावरून ही कल्पना घेतली. फरक एवढाच की तिथे पुस्तके विकतात, आपल्याकडे ती फक्त वाचायची. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके ठेवली. कुठे कोणाच्या घराची ओटी, कुठे लॉजची खोली, कुठे देऊळ, कुठे शाळा. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात चरित्रे, तिसऱ्यात बालसाहित्य, चौथ्यात दिवाळी अंक. पुढे ठिकाणे आणखी वाढली. राज्य मराठी विकास संस्था हे काम बघते.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या महिला मंडळातल्या अकरा जणी आणि सात मुले असे आम्ही साताऱ्याहून एस.टी.ने निघालो. वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी बरोबर घेतलेली. बायकांपैकी बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या, दोघी एमआयडीसीत, एक मावशी सफाई कामगार. सहल म्हणजे पॉइंट बघायचे, घोड्यावर बसायचे, असे त्यांच्या डोक्यात. पुस्तके बघायला जायचे म्हटल्यावर एकीने तर सरळ विचारले, “तिथं परीक्षा घेत्यात का काय?”

पहिल्या घराच्या दारात आम्ही सगळ्या थबकलो. बाहेर रंगवलेली भिंत, आत कपाटे दिसत होती, पण ते घर होते. अनोळखी गावातले, अनोळखी माणसाचे घर. आत जायचे कसे, हा संकोच ज्यांना कळतो त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि ज्यांना कळत नाही त्यांना सांगून कळणार नाही. घरातली बाई बाहेर आली आणि म्हणाली, “या की आत, चपला सावलीत काढा, नाहीतर तापतील.” मग तांब्याभर पाणी आणून ठेवले. नाव-गाव विचारले, ते “कुठून आला” एवढेच. आमच्या सफाई कामगार मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि पाणी पिऊन पेला खाली ठेवला. त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

मावशी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकलेल्या. त्यांनी मुलांच्या कपाटातले मोठ्या अक्षरांचे एक पुस्तक घेतले आणि खिडकीपाशी बसल्या. बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागल्या. आमची इतर मंडळी तीन घरे फिरून, स्ट्रॉबेरी खाऊन आली तरी त्या तिथेच. पुस्तक संपवून त्यांनी घरातल्या बाईंना विचारले, “ह्याचं किती द्यायचं?” काहीच द्यायचे नाही म्हटल्यावर त्यांना पटेना. शेवटी पिशवीतले एक अंडे त्यांनी त्या घरातल्या लहान मुलाच्या हातावर ठेवले.

भिलारची मला आवडलेली गोष्ट ही, की पुस्तकांसाठी नवी इमारत उभी केली नाही. खोल्या होत्या त्याच वापरल्या. उजेड खिडकीतला, वारा डोंगरावरचा. एकच प्रत दिवसाला पाच-दहा माणसांच्या हातून जाते. दमट हवेचे, पावसाचे तिथे भय आहेच, शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो. पण राहत्या घरातली पुस्तके रोज उघडली जातात, पुसली जातात, म्हणून तरतात असे मला वाटते. न आवडलेली गोष्टही सांगते. पुस्तकाशी फोटो काढून घेणारे फार आणि वाचणारे थोडे. शिवाय ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांना ते गाव जवळ, एस.टी.ने येणाऱ्याला लांब. आमची परतीची गाडी गाठताना काय धावपळ झाली!

शासनाने पुढे हीच योजना इतर जिल्ह्यांतही नेली. त्यात सांगली जिल्ह्यातले, पलूस तालुक्यातले अंकलखोप आहे. औदुंबरच्या शेजारचे, कृष्णाकाठचे गाव. औदुंबरला संक्रांतीच्या दिवशी साहित्य संमेलन भरते, ते माझ्या माहेरच्या लोकांना ठाऊक आहे. कृष्णाकाठ म्हटला की आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. ऑगस्ट २०१९ चा महापूर कोण विसरेल? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयात पाणी शिरले. दीडशे वर्षे जपलेल्या ग्रंथसंग्रहातले हजारो ग्रंथ चिखलात गेले.

माझ्या भावाच्या घरातही माळ्यापर्यंत पाणी आले होते. दादा तोवर नव्हते, पण त्यांची पत्र्याची ट्रंक होती. म्हातारपणी हातात चार पैसे आल्यावर त्यांनी घेतलेली चाळीस पुस्तके त्यात होती. पाणी ओसरल्यावर मी साताऱ्याहून गेले. पहिले दोन दिवस घरातला चिखल काढण्यातच गेले. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. वहिनी म्हणाली, “ताई, टाकून द्या, वास मारतोय.” पण आम्ही बसलो. चिखल ओला असेपर्यंत स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचा. पुस्तक जबरदस्तीने उघडायचे नाही, पाने फाटतात. दर दहा-पंधरा पानांत कोरा कागद किंवा टिपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. कडक उन्हात ठेवायचे नाही, पाने वाकडी होतात आणि बांधणी सुटते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला उभी ठेवायची. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची पाने मात्र एकमेकांना चिकटून वीट होते, तिथे इलाज चालला नाही. चाळीसपैकी एकतीस वाचली. त्यांना अजून नदीचा वास येतो. चार पुस्तकांच्या कडेला दादांच्या बोटांचे पिवळे ठसे होते, ते मात्र गेले.

साताऱ्यातल्या आमच्या वस्तीतली गोष्ट याहून वेगळी. २०२३ मध्ये आमच्याकडचे एक जुने कार्यकर्ते वारले. आयुष्यभर त्यांनी पुस्तके आणि साप्ताहिकांचे अंक जमवले होते. दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरातच एका रविवारी रद्दीवाल्याची हातगाडी त्यांच्या दारात उभी दिसली. मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. दोन खोल्या, सहा माणसे, त्यात भिंतभर पुस्तके. वडील होते तोवर बोलता येत नव्हते. रद्दीवाल्याने तागडी लावली होती. मी म्हटले, किलोला जे देणार असाल तेच आम्ही देतो. ६२ किलो भरले, १२ रुपये दराने ७४४ रुपये झाले. महिला मंडळाच्या बचतीतून दिले. रद्दीवाला बिचारा भला माणूस. “ताई, कागद माझ्याकडून तरी पुन्हा कागदच झाला असता,” म्हणाला, आणि हातगाडीवरून सगळे विहारापर्यंत आणून दिले. भाडे घेतले नाही.

त्या बासष्ट किलोंत काय नव्हते! आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’, अण्णा भाऊंची ‘फकिरा’, १९८० च्या दशकातले अंक, हाताने लिहिलेल्या भाषणांच्या वह्या. विहारात आधीच एक कपाट होते, पण त्याला कुलूप. मुले पुस्तके फाडतील म्हणून कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते पुण्याला मुलाकडे. कमिटीत मी विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारले, “फाटली तर जबाबदार कोण?” मी म्हटले, “काका, फाटलेले पुस्तक मला चिकटवता येते, न वाचलेल्या पुस्तकाला काय लावू?” बैठकीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याच काकांनी किल्ली मागवून घेतली.

नवे कपाट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून टोमॅटोची लाकडी खोकी घेतली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून आपल्या राज्यात ग्रंथालये उभी केली, त्यात खेडोपाडी पाठवायच्या पुस्तकांच्या पेट्याही होत्या. आज नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्यांवर चालतो. आमची ऐपत पंचवीस पुस्तकांच्या खोक्याची. असे सहा खोके केले. महिन्याच्या पहिल्या रविवारी खोके एका घरातून दुसऱ्या घरी जाते. घर कसले, कुठे ओटा, कुठे शिलाईचे दुकान, एक तर रिक्षा स्टँडवर आहे आणि सगळ्यांत जास्त तेच फिरते.

डागडुजी आम्हीच करतो. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद कव्हराला उत्तम. चिकटवायला मैद्याची खळ करायची, पण तिला कीड लागते, म्हणून पूर्वीचे बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे, तेव्हा ते काम मोठ्यांनीच करावे आणि भांडे वेगळे ठेवावे. खोक्यात वेखंडाचा तुकडा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो. खुणेला जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या. त्यामुळे कधी कधी दुःखी कादंबरीच्या मधोमध कुणाचे तरी शुभमंगल निघते.

वर्षावासात तर पुस्तकही एकच लागते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, ते वाचकांना सांगायला नको. एक ग्रंथ, एक दिवा, आणि ऐकायला चाळीस-पन्नास माणसे. आम्ही त्यात एवढीच भर घातली की मुख्य वाचन झाल्यावर अर्धा तास खोक्यातले काहीतरी वाचायचे, आणि वाचणारा दर वेळी नवा. पहिल्या वर्षी बायका पुढे येईनात. भिलारला आलेल्या मावशी एका रात्री उठल्या आणि पाऊण पान वाचले. पाऊण पानाला त्यांना दहा मिनिटे लागली. एकही मूल उठून गेले नाही.

जयंतीच्या सत्कारात हार-तुरे, शाल-श्रीफळ यांऐवजी पुस्तक द्यावे असे सगळेच म्हणतात. चैत्यभूमीवर फुले-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, हे आवाहनही आता लोकांना ठाऊक झाले आहे. माझी त्यात एक पुरवणी आहे. सत्काराला एकाच ग्रंथाच्या दहा कोऱ्या प्रती आल्या, तर दोन ठेवाव्या आणि बाकीच्या दुसऱ्या गावच्या विहाराला पाठवून त्यांच्याकडून आपल्याकडे नसलेले मागवावे. आम्ही मिरजेच्या एका मंडळाशी अशी अदलाबदल सुरू केली आहे. माझ्या माहेरच्या फेरीत पिशवी जाते, पिशवी येते.

मार्चअखेरीला मी सवयीने खोक्यांची मोजदाद केली. दाखलनोंद रजिस्टरवर १६३ पुस्तके, हजर १५४. नऊ पुस्तके ज्यांच्या नावावर होती त्यांच्याकडे नाहीत. त्यांनी पुढे कोणाला दिली, त्याने आणखी कोणाला, असा माग लागतो. ‘जिणं आमचं’ तर आमच्या वस्तीतून कोरेगावला आणि तिथून कोणाच्या तरी सासरी गेले, इथपर्यंत पत्ता लागला आहे. कमिटीतल्या काकांनी शेरा ‘गहाळ’ लिहा म्हटले. मी नऊही पुस्तकांपुढे ‘बाहेर’ लिहिले आणि सही केली.